लायक बाप कोण ठरवणार?

बाप होण्यासाठी आपल्याकडे कुठली परीक्षा द्यावी लागत नाही. बाप दारू पिऊन घरी येतो, बायकोवर हात टाकतो, लेकराची शाळा सोडवून त्याला वीटभट्टीवर नेतो, तरी त्याचे बापपण कुणी काढून घेत नाही. 'काही झाले तरी बाप आहे' असे म्हणून गाव गप्प बसते. पण त्याच बापाला ऐकू येत नसेल, चालता येत नसेल, हिशेब समजत नसेल, तर मात्र गाव एका रात्रीत न्यायाधीश होते. 'याच्याच्याने लेकरू सांभाळणे होते का?' हा प्रश्न त्याला सोडून सगळ्यांना विचारला जातो. मारकुट्या बापाला न विचारलेला प्रश्न दिव्यांग बापालाच का विचारला जातो, यावर आम्हाला आज बोलायचे आहे.

निमित्त एका तमिळ सिनेमाचे आहे. 'दैवत्तिरुमगळ' हा ए. एल. विजय यांचा २०११ सालचा सिनेमा आम्ही आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेतील पोरापोरींसोबत पाहिला. विक्रम या नटाने साकारलेला कृष्णा वयाने मोठा, पण बुद्धीने सहा-सात वर्षांच्या मुलाएवढा. उटीजवळच्या एका गावात चॉकलेटच्या कारखान्यात काम करतो. बायको बाळंतपणात जाते. मागे राहते नीला नावाची लेक. कृष्णा तिला वाढवतो, शाळेत घालतो. मग बायकोच्या माहेरच्यांना नातीचा पत्ता लागतो. पैसेवाला आजोबा नीलाला घेऊन जातो, आणि हा बाप चेन्नईच्या रस्त्यावर लेकीच्या नावाने हाका मारत फिरतो. आजोबाच्या भूमिकेत आपले सचिन खेडेकर आहेत. पुढे एक तरुण वकील बाई कृष्णाची केस घेते, समोर नासर यांनी रंगवलेला नावाजलेला वकील उभा राहतो आणि ताब्याचा खटला चालतो. हे कथानक २००१ च्या 'आय अॅम सॅम' या इंग्रजी सिनेमावरून घेतलेले आहे. हिंदीत २००५ साली अजय देवगणचा 'मैं ऐसा ही हूँ' त्याच वळणावर आला होता.

खटल्याचा शेवट असा, की बाप जिंकतो. लेक त्याची ठरते. आणि जिंकल्यानंतर तो स्वतःच्या हाताने लेकीला आजोबा-मावशीकडे देऊन टाकतो. तिचे शिक्षण व्हावे, ती मोठी व्हावी म्हणून. थिएटरात लोक याच ठिकाणी रडले असणार. आमच्या पोरीही रडल्या.

डोळे पुसल्यावर नववीतल्या एका पोरीने विचारले, "जिंकला होता ना थो? मंग काहून देली पोरगी?"

या प्रश्नाला सिनेमाकडे उत्तर नाही. आमच्याकडे आहे. प्रेक्षकाला दुबळ्याचे मोठे मन आवडते, दुबळ्याचा हक्क आवडत नाही. हक्क घेऊन तो घरी गेला असता तर प्रेक्षक अस्वस्थ झाला असता. रात्री लेकीला ताप आला तर काय, तिची गणिते कोण सोडवणार, ती वयात आल्यावर काय, असे प्रश्न घेऊन तो थिएटराबाहेर पडला असता. त्याने त्याग केला की सगळे सुटते. एकलव्याची गोष्ट आपल्याला पिढ्यान् पिढ्या अशीच सांगितली गेली. धनुर्विद्या त्याने मिळवली होती, ती कुणी नाकारू शकत नव्हते. म्हणून अंगठा मागितला, आणि त्याने तो दिला याचे कौतुक केले. ज्याच्याजवळ एकच वस्तू आहे त्याच्याकडेच ती मागायची आणि त्याने दिली की त्याला थोर म्हणायचे, ही या देशाची जुनी रीत आहे.

सिनेमाचे नावही पाहा. तमिळमध्ये दैवम म्हणजे देव. आपल्या बोलीतले दैव, म्हणजे नशीब, नव्हे. 'दैवत्तिरुमगळ' म्हणजे देवाची लेक. आधी नाव होते 'दैवत्तिरुमगन', देवाचा लेक. मुथुरामलिंग थेवर यांच्या अनुयायांत हे बिरुद त्यांच्यासाठी रूढ आहे, म्हणून आक्षेप आला आणि ऐन प्रदर्शनाच्या तोंडावर नाव बदलावे लागले. देवाचा लेक कोण म्हणवून घेणार, यावरही आपल्या देशात जातीचा दावा असतो.

पण आमचा मुद्दा देवाचाच आहे. दिव्यांग माणसाला देवाच्या जवळ नेऊन बसवण्याची घाई कशासाठी? २०१५ साली पंतप्रधानांनी 'दिव्यांग' हा शब्द पुढे आणला, आता तो सरकारी कागदावर पक्का झाला आहे. आम्हीही या लेखात तो वापरतो आहोत, कारण कचेरीत तोच चालतो. पण हा शब्द ऐकला की आम्हाला 'हरिजन' आठवतो. तेव्हाही आम्हाला देवाची माणसे म्हटले गेले. देवाची माणसे म्हणायचे आणि देवळात, पाणवठ्यावर येऊ द्यायचे नाही. १९३८ मध्ये मुंबई विधानसभेत कायद्यात हा शब्द घालायचे ठरले, तेव्हा भाऊराव गायकवाड आणि बाबासाहेबांनी त्याला विरोध केला आणि आपल्या सदस्यांसह सभात्याग केला. शब्द गोड असला म्हणून माणूस मोकळा होत नाही, हे त्यांना माहीत होते. ज्याला देव केले त्याला माणसाचे हक्क द्यावे लागत नाहीत.

आता सिनेमा बाजूला ठेवू. आपल्या राज्यात प्रत्यक्ष काय घडते ते पाहू.

२०१९ साली सर्वोच्च न्यायालयात महाराष्ट्रातील एक प्रकरण गेले होते. नावांची गरज नाही. आईला गरोदरपणातच कर्करोग निघाला. लेक जन्मली. काही महिन्यांत बापही मेंदूच्या क्षयाने रुग्णालयात पडला. तान्ह्या लेकराला मावशांनी सांभाळले. पुढे आई गेली. बाप बरा झाला आणि लेक मागायला गेला, तेव्हा आईकडच्या नातेवाइकांनी ती द्यायला नकार दिला. तो मुंबई उच्च न्यायालयात गेला आणि न्यायालयाने लेक बापाला दिली. मे २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. मावशांनी प्रेमाने सांभाळले हे न्यायालयाने मान्य केले, भेटीगाठीची सोय ठेवली. पण बाप हयात आहे, तो नालायक ठरलेला नाही, म्हणून लेक बापाची.

निकाल चांगला आहे. पण हा बाप जिंकला, कारण तो बरा झाला होता. शिकलेला होता, नोकरीत होता, वरच्या न्यायालयापर्यंत वकील देऊ शकत होता. आजार जातो म्हणून आजार माफ होतो. अपंगत्व जात नाही. जो बाप कधीच 'बरा' होणार नाही, त्याचे काय? आणि ज्याच्याकडे तालुक्याच्या वकिलाची फी नाही, त्याचे काय?

कायदा काय म्हणतो तेही पाहू. ताब्याचे खटले चालतात ते इंग्रजांच्या काळातल्या, १८९० च्या पालक व पाल्य कायद्याने. त्याच्या १७ व्या कलमात मुलाचे कल्याण पाहताना पालक होऊ इच्छिणाऱ्याचे चारित्र्य आणि कुवत पाहावी असे आहे. १९ व्या कलमात आई किंवा बाप हयात असेल आणि न्यायालयाच्या मते तो अपात्र नसेल, तर दुसरा पालक नेमू नये असे आहे. वाचायला ठीक वाटते. पण 'कुवत' आणि 'अपात्र' या दोन शब्दांत काय काय भरता येते ते आपल्या लोकांना सांगायला नको. आजोबाची गाडी, इंग्रजी शाळा, पक्के घर हे सगळे 'कुवत' होते. बापाचे हात, बापाची ऊब, बापाने सात वर्षे घातलेली वेणी कुठल्याच रकान्यात बसत नाही.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ साली आला, १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्याचे ९ वे कलम घर आणि कुटुंबाबद्दल आहे. दिव्यांग मुलाला त्याच्या दिव्यांगत्वाच्या कारणावरून आईबापापासून तोडता येणार नाही, मुलाच्या हितासाठी गरज असेल तर सक्षम न्यायालयाच्या आदेशानेच ते होईल, असे ते कलम सांगते. पुन्हा वाचा. दिव्यांग मूल असेल तर. दिव्यांग आईबाप असतील तर काय, यावर हे कलम गप्प आहे. भारताने ज्या संयुक्त राष्ट्रांच्या करारावर २००७ साली शिक्कामोर्तब केले, त्याच्या २३ व्या कलमात मात्र स्पष्ट लिहिले आहे की मुलाच्या किंवा आईबापाच्या, दोघांपैकी कोणाच्याही दिव्यांगत्वाच्या कारणावरून मुलाला आईबापापासून वेगळे करू नये. करारातला 'आईबाप' हा शब्द आपल्या कायद्यात येताना कुठे गळाला? आमदार-खासदारांना हा प्रश्न विचारला पाहिजे.

हा शब्द गळण्यामागे जी समजूत आहे ती आपल्या राज्यात जुनी आहे. १९९४ साली शिरूरच्या शासकीय वसतिगृहातील मतिमंद मुलींची गर्भाशये पुण्याच्या ससून रुग्णालयात काढण्यात आली. कारण काय, तर पाळीच्या वेळी त्यांना स्वच्छता राखता येत नाही. स्त्री संघटनांनी आवाज उठवल्यावर तो प्रकार थांबला. त्या मुलींना आई व्हायचे आहे का, हे विचारण्याची कोणाला गरज वाटली नव्हती. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे एक बाप आपल्या सत्तावीस वर्षांच्या मुलीचा गर्भ पाडण्याची परवानगी मागायला आला. मुलीची बुद्धी कमी आहे, तिचे लग्न झालेले नाही, असे त्याचे म्हणणे. मुलीला मूल हवे होते. न्यायालयाने विचारले, बुद्धी कमी आहे म्हणून तिला आई होण्याचा हक्क नाही काय? १९९४ ते २०२५ या एकतीस वर्षांत निदान प्रश्न तरी बदलला. पण हा प्रश्न अजून जिल्ह्याच्या कोर्टापर्यंत, तहसीलपर्यंत, गावच्या बैठकीपर्यंत उतरलेला नाही.

आमच्या बुलडाणा जिल्ह्यातलीच गोष्ट सांगतो. गाव आणि नाव सांगणार नाही. एक माणूस जिनिंगवर हमाली करतो. गाठी उचलण्यात त्याचा हात धरणारा कोणी नाही, पण नोटा मोजता येत नाहीत, घड्याळ समजत नाही. दोन वर्षांपूर्वी बायको सर्पदंशाने गेली. लेक तेव्हा पाच वर्षांची होती. सासरा पूर्णेच्या पलीकडचा, चार एकर बागायतीचा. तेरवी झाल्यावर म्हणाला, पोरगी आम्ही नेतो. समाजमंदिरात बैठक बसली. आम्हालाही बोलावले होते. जो तो बोलत होता. सासरा बोलला, त्याचा साळा बोलला, पोलीस पाटील बोलले. बापाला कोणी विचारले नाही. शेवटी आमच्यातल्या एका बाईने विचारले, "भाऊ, तुमचं काय म्हननं हाये?" तो उठून उभा राहिला आणि म्हणाला, "मले पैशे मोजता येत नाई. पर पोरीच्या आंगात ताप हाय का नाई, थे मले हात लावल्यावर समजते."

बैठक थोडा वेळ गप्प झाली. मग कामाचे बोलणे सुरू झाले. स्वयंपाक कोण करते? शेजारच्याच घरात राहणारी भावजय. शाळेचे कोण पाहते? चुलतभाऊ आठवीत आहे, तो पाहतो. मजुरीचे पैसे? भाऊ मोजून घेतो. म्हणजे त्या पोरीचे घर एका माणसावर उभे नव्हतेच, चार माणसांवर उभे होते. ठरले ते असे : पोरगी बापाकडे राहील, शाळा गावचीच राहील, दिवाळी आणि उन्हाळ्याच्या सुटीत आजोबांकडे जाईल. कागदावर सह्या झाल्या, बापाचा अंगठा झाला.

यंदा सासरा कोर्टात गेला. सोबत जोडले आहे बापाचे दिव्यांग प्रमाणपत्र. ते प्रमाणपत्र काढायला आम्हीच त्याच्यासोबत हेलपाटे घातले होते, निराधार योजनेचे महिन्याचे पैसे सुरू व्हावेत म्हणून. चाळीस टक्क्यांच्या खाली असेल तर काही मिळत नाही, म्हणून टक्का जास्त यावा अशी घरच्यांची इच्छा होती. आता तोच टक्का समोरचा वकील वाचून दाखवणार. ज्या कागदावर पेन्शन मिळते त्याच कागदावर लेक जाणार असेल, तर उद्या कोणता बाप, कोणती आई प्रमाणपत्र काढायला येईल? शेजारच्या गावातल्या एका मुक्या-बहिऱ्या जोडप्याने ही गोष्ट ऐकून आपले कागद पेटीत ठेवून दिले आहेत. हा धोका खरा आहे. प्रमाणपत्र हे मदतीचे साधन आहे, त्याचा लायकीचा दाखला करता कामा नये.

आम्ही आंबेडकरवादी आहोत, म्हणून 'लायकी' हा शब्द आम्हाला चांगला ओळखीचा आहे. आधी लायक व्हा, मग हक्क मागा, असे आम्हाला शंभर वर्षे सांगितले गेले. मताचा अधिकार द्यायची वेळ आली तेव्हा शिक्षण आणि मालमत्ता हाच लायकीचा निकष होता. १९१९ साली साउथबरो समितीपुढे बाबासाहेबांनी अस्पृश्यांसाठी हा निकष खाली आणा असे सांगितले, १९२८ साली सायमन कमिशनपुढे सर्व प्रौढांना मताधिकार मागितला. हक्क वापरूनच माणूस तो वापरायला शिकतो, हे त्यामागचे सूत्र. पुढे राखीव जागा आल्या तेव्हा तोच शब्द 'गुणवत्ता' होऊन परत आला. आज तो दिव्यांग आईबापाच्या दारात उभा आहे. आणि तो बाप आपल्या वस्तीतला असेल, तर दोन्ही शब्द एकत्र येऊन उभे राहतात.

काही मित्र विचारतील, मग लेकराच्या हिताचे काय? रास्त प्रश्न आहे. लेकरू बापाची मालमत्ता नाही. बाप दिव्यांग असो की धडधाकट, लेकराच्या जिवाला, शरीराला, शिक्षणाला खरा धोका असेल तर न्यायालयाने मध्ये पडलेच पाहिजे. आणि दिव्यांग आईबापाची चाकरी करण्यासाठी लेकीने शाळा सोडावी, हेही आम्हाला मान्य नाही. पण धोका सिद्ध करावा लागतो. दिव्यांगत्व म्हणजे धोका असे गृहीत धरता येत नाही. आणि मदत देऊन धोका टळत असेल, तर आधी मदत द्यावी लागते. लेक काढून घेणे हा शेवटचा उपाय आहे. आपल्याकडे तोच पहिला असतो, कारण तो फुकट पडतो.

यावर आम्हाला कोणा परदेशी पंडिताचा दाखला द्यायची गरज नाही. बाबासाहेबांच्या बालपणाकडे पाहा. आई भीमाबाई लवकर गेल्या. वडील रामजी नोकरीसाठी गोरेगावला. साताऱ्याच्या घरात भीमराव, त्यांचा भाऊ आणि वारलेल्या मोठ्या बहिणीची दोन मुले. सांभाळायला आत्या, मीराबाई. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत बाबासाहेबांनी या आत्याबद्दल लिहिले आहे. ती फार ठेंगणी होती, पायाने अधू होती, आधाराशिवाय तिला हलता येत नसे, अनेकदा उचलून न्यावे लागे. स्वयंपाकही तिच्याने होत नसे. पोरे शाळेत जात आणि स्वतःच शिजवून खात. भाकरी करता येत नव्हती म्हणून भातावर भागवत. शेजारीपाजारी लक्ष ठेवत. आणि त्याच लेखणीने त्यांनी सांगितले आहे की तिच्याइतके मायाळू माणूस त्यांनी पाहिले नाही.

बाबासाहेबांनी आत्याला देवी केले नाही. तिच्याकडून कामाची मदत होत नव्हती, हे त्यांनी सरळ लिहिले. आणि म्हणून तिची माया कमी आहे असेही म्हटले नाही. त्या घरात आजच्या एखाद्या वकिलाने कुवतीचा रकाना भरला असता, तर काय लिहिले असते? आई नाही, बाप परगावी, सांभाळणारी बाई अपंग, पोरे स्वतः चूल पेटवतात. मुले तिथून हलवा, असाच शेरा पडला असता. कमी पडत होती ती त्या घराला मिळणारी साथ. चार पोरांना भाकरी थापून देणारे एक माणूस त्या काळच्या सरकारने दिले नाही. आजचे सरकार देऊ शकते.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. दिव्यांग हक्क कायद्याच्या ९ व्या कलमात दिव्यांग आईबापांचा स्पष्ट उल्लेख घाला. ताब्याच्या खटल्यात केवळ प्रमाणपत्रावरील टक्क्यावरून कोणाला अपात्र ठरवू नका. घरी जाऊन, शेजाऱ्यांशी, शाळेशी बोलून अहवाल मागवा, आणि बापाला समजेल अशा भाषेत त्याचे म्हणणे ऐकून घ्या. ग्रामपंचायतीच्या स्वनिधीतील दिव्यांगांसाठीचा पाच टक्के निधी खुर्च्या वाटून फोटो काढण्यात संपवू नका. त्यातून दिव्यांग आईबापाच्या घरी मदतनीस देता येतो का ते ठराव करून पाहा.

आणि आपल्या लोकांसाठी एक गोष्ट. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या १२ व्या कलमानुसार अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला आणि दिव्यांग माणसाला मोफत वकील मिळतो. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला आडवा येत नाही. तालुका कोर्टातच विधी सेवा समिती असते. साध्या कागदावर अर्ज चालतो. कोणी कागद पेटीत ठेवून बसला असेल तर त्याला हे सांगा, सोबत घेऊन जा.

जिनिंगवरच्या त्या बापाचा अर्ज आम्ही दिला आहे, वकील मिळाला आहे. भावजय साक्ष देणार आहे, शाळेच्या बाई साक्ष देणार आहेत. त्याला सिनेमातल्यासारखे थोर व्हायचे नाही. लेक घरी राहावी, एवढेच त्याचे म्हणणे आहे. ते त्याने कोर्टात स्वतःच्या तोंडाने सांगावे आणि कोर्टाने ते ऐकावे, यासाठी पुढच्या तारखेला आम्ही त्याच्यासोबत जाणार आहोत. ज्यांना जमेल त्यांनी यावे.

जय भीम!